एकाच बाजूला सिलिंडर असलेलं इंजिन!

शे इंजिनाचा फोटो पहिल्यांदा पाहाल तर वाटेल, काहीतरी चुकलंय. बॉयलर डावीकडे सरकलेला, आणि उजव्या कुशीला दोन-तीन उभे सिलिंडर. 🚂

चुकलेलं काहीच नाही. मिशिगनमधले लाकूड व्यावसायिक एफ्राइम शे यांना जंगलातून ओंडके ओढायला इंजिन हवं होतं. रूळ कच्चे, वळणं अवघड, चढ भयंकर. त्यांनी १८८१ मध्ये पेटंट घेतलं आणि ओहायोतल्या लिमा कारखान्याने अशी अडीच हजारांहून जास्त इंजिनं बांधली.

खरी गंमत दांड्यात आहे. नेहमीच्या इंजिनात पिस्टनचा जोर मोठ्या दांड्यांनी थेट चाकांना मिळतो. तो जोर एकसारखा नसतो, म्हणून चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. शेमध्ये सिलिंडर एक आडवा दांडा फिरवतात, आणि त्यावरचे गिअर लहान लहान चाकांना हळूहळू, सलग ताकद देतात. दांड्यात सांधे असल्यामुळे वळणावर चाकांची चौकट (बोगी) वळते तसा तोही वळतो. शिवाय कोळसा-पाण्याच्या टाकीखालचीही चाकं गाडी ओढतात, त्यामुळे इंजिनाचं सगळं वजन पकडीच्या कामी येतं. वेग मात्र बैलगाडीपेक्षा थोडाच बरा!

वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसला ही इंजिनं आजही नऊ फुटांना एक फूट अशा चढावर गाडी नेतात. आपल्या बोरघाटाचा चढ सदतीस फुटांना एक आहे. कॅसचं सहा नंबरचं शे १९४५ चं, लिमाने बांधलेलं शेवटचं. त्याचा व्हिडिओ आवाज मोठा करून बघाच. चाल मुंगीची, पण आवाज सुसाट पळणाऱ्या गाडीचा!