पिशवीवरचा विषाणू किती काळ टिकतो?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मरोळच्या इमारतींत नवीच रीत पडली. मागवलेले जेवण फाटकापाशी किंवा दाराबाहेर ठेवले जाई. पूर्वी आपण विचारत असू, ‘गरम आहे ना?’ आता प्रश्न झाला, ‘कोणाकोणाचे हात लागले?’ घरोघरी पिशव्या पुसल्या जाऊ लागल्या.

ही भीती कितपत खरी? त्याच महिन्यात अमेरिकेतील शास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. प्लॅस्टिकवरील संसर्गक्षम विषाणू सुमारे ७ तासांत निम्मे होत होते. म्हणजे १४ तासांनी पाव, २१ तासांनी अष्टमांश! किरणोत्सर्गी पदार्थांच्या अर्धायुकालाचा हिशेब असाच असतो. पुठ्ठ्यावर तर २४ तासांनंतर असा विषाणू सापडलाच नाही.

पुढे उलगडा झाला, की हा रोग मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेतील हवेतून पसरतो. पिशवीला हात लागून तो होण्याची शक्यता अगदी थोडी.

मग जेवण दाराबाहेर ठेवणे व्यर्थ होते का? नाही. त्यामुळे दोन माणसांत अंतर राहिले. मात्र ज्या मुलाच्या हातांचा आपण संशय घेतला, त्यालाही आपल्या श्वासापासून तेवढाच धोका होता, हे किती जणांच्या ध्यानात आले?