भिंत कुणाची, चित्र कुणाचं?

बोईसर स्टेशनकडे किंवा तारापूरच्या कारखान्यांकडे जाताना भिंती बघा. कुठे जाहिरात, कुठे बदामात दोन नावं, कुठे मोठं रंगीत चित्र. अशा भिंतीवरच्या लिहिण्या-रंगवण्याला ग्राफिटी म्हणतात. ही कला की भिंत खराब करणं, हा वाद जगभर चालतो. आपण उत्तर आपल्या पालघर जिल्ह्यातच शोधू.

काही जण म्हणतात, खरी कला कागदावर आणि चौकटीत असते. पण वारली चित्रकला जन्मली ती कुडाच्या भिंतीवर. भिंत शेणानं, गेरूनं सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं आणि बांबूच्या काडीनं काढायचं. लग्नघरी सवासिनी चौक लिहितात. मधे पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते. पुढे ते चित्र पुसट होतं. म्हणून ती कला नव्हती का?

1970च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या हाती कागद दिला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची चित्रं परदेशात पोचली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण कागदासोबत नावं पुढे आली ती बहुतेक पुरुषांची. भिंतीवर चौक लिहिणाऱ्या बायांची नावं फारशी टिपली गेली नाहीत.

तेव्हा भिंतीवर आहे म्हणून चित्र कमी ठरत नाही. मात्र कला आहे का, आणि परवानगी आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चौक लिहायला घरचे लोक मानानं बोलावतात. न विचारता दुसऱ्याची भिंत रंगवली, तर चित्र सुंदर असूनही गुन्हा होऊ शकतो. त्यासाठी महाराष्ट्रात 1995 चा कायदा आहे.

आता शाळा, अंगणवाडी, कंपनीच्या भिंतीवर वारली चित्रं काढून घेतली जातात. आपल्या गटाकडे असं काम आलं, तर चार गोष्टी पाळू. परवानगी लेखी घेऊ. रंगाचा खर्च आणि मजुरी आधी ठरवू. देवीचा चौक कंपनीच्या भिंतीवर काढायचा का, हे आधी पाड्यातल्या जाणत्या बायांना विचारू. आणि चित्राखाली काढणाऱ्या बायांची नावं आणि गाव लिहू.

बदामात नाव लिहिणारा लाजत नाही. मग राबणाऱ्या हातांनी का लाजायचं?