चार इंची ग्राइंडरला पॉलिशचं पॅड लावताय? आधी हा आकडा बघा

पैठणमध्ये ‘पॉलिश’ म्हटलं की आधी साडी आठवते. हा लेख त्या पॉलिशबद्दल नाही. हा आहे हातात धरून चालवायच्या इलेक्ट्रिक पॉलिश मशीनबद्दल. समई, घंगाळ, गाडीचं बॉनेट, वाड्याचा सागवानी दरवाजा, ओट्याचा दगड, सगळं काही एकाच मशीनने अर्ध्या मिनिटात लखलखताना तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेलच. नाथषष्ठी किंवा दसरा जवळ आला की घरोघरी घासापूस सुरू होते आणि कुणाला तरी ते रील आठवतं.

ते रील पुन्हा एकदा नीट बघा. बऱ्याचदा त्यातलं मशीन पॉलिशर नसतंच. तो असतो लोखंड आणि फरशी कापायचा चार इंची ग्राइंडर, ज्याला आपण सरसकट ‘कटर’ म्हणतो. त्याचं चाक काढून तिथे लोकरीचं किंवा फोमचं पॅड बसवलेलं असतं.

मग बिघडलं काय?

बिघडतो तो वेग. पॉलिशर साधारण ६०० ते ३,००० फेरे प्रति मिनिट या टप्प्यात चालतो आणि त्यावर वेग कमी-जास्त करायची चकती असते. छोटा ग्राइंडर एकाच वेगाने फिरतो, मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास. ७ इंची पॅड ३,००० फेऱ्यांवर फिरलं तर त्याची कड ताशी सुमारे १०० किलोमीटरने धावते. तेच पॅड ११,००० वर फिरवलं तर ताशी ३७० किलोमीटर! आणि पॅडला बाहेर खेचणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे वेग पावणेचार पट झाला तर जोर तेरा पटींहून जास्त. वेल्क्रोने चिकटवलेलं पॅड हा ताण सोसायला बनवलेलंच नसतं. ते सुटतं किंवा फाटतं, आणि कुठल्या दिशेला जाईल हे आधी सांगता येत नाही.

म्हणून पॅडच्या मागे छापलेला कमाल आरपीएम वाचा, मग मशीनच्या पट्टीवरचा आरपीएम वाचा. पॅडचा आकडा मशीनपेक्षा मोठा किंवा निदान तेवढा हवा. पॅडवर आकडाच नसेल तर ते घेऊ नका.

मुळात हे पॅड त्या ग्राइंडरला बसायलाच नको. चार इंची ग्राइंडरचे आटे सहसा १० मिलिमीटरचे असतात, मोठ्या पॉलिशरचे १४ चे. पण दोन्ही जोडणारा छोटासा अडॅप्टर बाजारात मिळतो आणि अडचण ‘सुटते’. पॅड मोठं, त्यामुळे गार्डही काढावं लागतं. म्हणजे धोका वाढवला आणि संरक्षण काढून ठेवलं. काही जण वेग कमी करायला पंख्याचा रेग्युलेटर जोडतात. पंखा ७०-८० वॅटचा, ग्राइंडर ६०० वॅटच्या पुढचा. तो रेग्युलेटर जळणारच.

लाईट गेली तर?

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. बऱ्याच मशीनना स्विच दाबून अडकवून ठेवायचं बटण असतं. काम चालू असताना लाईट जाते, आपण मशीन तसंच ओट्यावर ठेवून चहाला जातो. लाईट येते आणि मशीन आपणहून सुरू होतं. म्हणून लाईट गेली की पहिलं काम स्विच सोडवायचा, दुसरं प्लग काढायचा. पॅड बदलतानाही प्लग बाहेरच हवा. आणि स्विच बंद केल्यावर पॅड काही सेकंद फिरतच राहतं, त्यामुळे ते पूर्ण थांबल्याशिवाय खाली ठेवू नका.

पदर, ओढणी, गळ्यातला गमछा, मोकळे केस, सैल सुती हातमोजे, यातलं काहीही पॅडमध्ये गुंडाळलं गेलं तर हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. लोकरी पॅड तर धागा पकडण्यात पटाईत. वायर खांद्यावरून मागे टाका. डोळ्यांना गॉगल हवा, उन्हाचा नव्हे, बाजूने बंद असलेला.

निरंजन, छोटी मूर्ती अशा वस्तू एका हातात धरून दुसऱ्या हाताने मशीन चालवणं हा रील्समधला सर्वांत वाईट प्रकार. पॅड कडेत अडकलं की वस्तू हातातून उडते. वस्तू शिकंज्यात पक्की धरा, मशीन दोन्ही हातांनी. कडेशी काम करताना पॅडची टेकणारी बाजू वस्तूवरून बाहेर जाणारी हवी, कडेवर आत आपटणारी नको. फिरण्याची दिशा मशीनवरच्या बाणावरून कळते. खरं सांगायचं तर देवघरातल्या पितळेला चिंच पुरते. मुलामा दिलेली वस्तू असेल तर मशीनने मुलामाच निघून जाईल.

धूळ: जुनी गोष्ट

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचच्या बंदरात ऑनिक्स दगड मोठ्या प्रमाणात जात असल्याची नोंद आहे. ऑनिक्स म्हणजे अकीकाचा भाऊबंद, दोन्ही सिलिकाचेच प्रकार. आज गुजरातमध्ये खंभातला अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस आढळतो. सिलिकाची बारीक धूळ फुफ्फुसात रुतते, तिथे व्रण होतात आणि ते भरून येत नाहीत.

आपल्या ओट्याचा ग्रॅनाइटही सिलिकावाला आहे. कृत्रिम ‘क्वार्ट्झ’ ओट्यात तर सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदीच घातली. फुफ्फुसात खोलवर जाणारे कण डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे ‘धूळ तर उडत नाहीये’ याला अर्थ नाही. रुमाल चालत नाही, एन-९५ मास्क नाकाला घट्ट बसलेला हवा.

जुन्या वाड्याचा रंगवलेला दरवाजा घासताना वेगळीच भीती असते, शिशाची. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या खाली ठेवण्याची सक्ती भारतात नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत ते असू शकतं आणि लहान मुलांच्या मेंदूला ते सर्वाधिक बाधतं. असा रंग मशीनने कोरडा घासू नका. ओला करून हाताने खरवडा, मुलांना लांब ठेवा, खाली प्लास्टिक अंथरा.

दगडाला पाणी मारून पॉलिश केलं तर धूळ बसते, पण साध्या मशीनवर मगाने पाणी ओतलं की शॉकची शक्यता. पाण्याच्या नळीचं वेगळं मशीन मिळतं, तेच वापरा आणि बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. नुसता एमसीबी माणसाला वाचवत नाही. तो तार जळू नये म्हणून असतो.

काम संपल्यावर अळशीच्या तेलात भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता तयार होते आणि बोळ्यात ती साठून चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या अंगणात एकेक सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.