थीम पार्कमधील उपाहारगृहे : दोघांच्या टेबलांची मांडणी

एखाद्या कल्पनेभोवती रचलेल्या मनोरंजन-उद्यानातील उपाहारगृहात दोनच व्यक्तींच्या गटासाठी टेबल किती आकाराचे असावे, ते कोठे व कोणत्या दिशेने ठेवावे आणि आलेल्या जोडीला त्यांपैकी कोणते द्यावे, हे ठरविण्याची नियोजनपद्धती. अशा उद्यानांना थीम पार्क हे नाव रूढ आहे. शहरातील सर्वसाधारण उपाहारगृहात ग्राहक मुख्यतः अन्नाचे पैसे देतो. थीम पार्कमधील उपाहारगृहात तो अन्नाबरोबरच देखाव्याचेही पैसे देतो. देखावा मात्र प्रत्येक टेबलावरून सारखा दिसत नाही. नाट्यगृहात पुढच्या व मागच्या रांगांचे दर निरनिराळे असतात, येथे पदार्थांची किंमत मात्र सर्व टेबलांना बहुधा एकच असते. त्यामुळे टेबलाची जागा हा सोयीचा प्रश्न तर आहेच, पण न्यायाचाही आहे. दोघांचे टेबल आकाराने सर्वांत लहान असल्यामुळे ते पाण्याच्या कडेच्या अरुंद पट्टीत बसू शकते, तसेच स्वयंपाकघराच्या दारामागील कोपऱ्यातही बसू शकते. म्हणूनच उपाहारगृहातील उत्तम आणि निकृष्ट अशा दोन्ही टोकांच्या जागा बरेचदा जोडीच्याच वाट्याला येतात.

उद्यानातील भोजन आणि देखावा यांची सांगड जुनी आहे. लंडनच्या व्हॉक्सहॉल उद्यानाची व्यवस्था १७२९ मध्ये जोनाथन टायर्सकडे आली. त्याच्या काळात तेथे झाडांच्या रायांभोवती तीन बाजूंनी बंदिस्त व पुढून उघडे असे भोजनकक्ष बांधण्यात आले. त्यांच्या मागील भिंतींवर फ्रान्सिस हेमन या चित्रकाराच्या चित्रशाळेतून आलेली चित्रे लावलेली असत. कक्षात बसणाऱ्यास वाद्यवृंद व फिरणारी मंडळी दिसत आणि त्यांनाही तो दिसे. खरे आकर्षण हेच होते. तेथील मांसाचे काप किती पातळ असत, यावर त्या काळी पुष्कळ विनोद झाले, तरी कक्ष रिकामे राहत नसत. कोपनहेगनच्या तिव्होली उद्यानातही (१८४३) भोजनगृहे आरंभापासून उद्यानाचाच भाग होती. तथापि भोजनगृह प्रत्यक्ष खेळाच्या आतच उभारण्याची कल्पना ठळकपणे साकार झाली ती अमेरिकेत.

कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथील डिस्नीलँड १९५५ मध्ये सुरू झाले. तेथील ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या नौकासफरीबरोबर मार्च १९६७ मध्ये ‘ब्लू बायू’ हे उपाहारगृह उघडण्यात आले. ते सफरीच्याच इमारतीत आहे. बाहेर भर दुपार असली, तरी आत कायम रात्र असते; मंद कंदील, कृत्रिम काजवे आणि कठड्यापलीकडून संथपणे जाणाऱ्या नौका असा तेथील देखावा आहे. नौकेतील प्रवाशांना जेवणारे दिसतात व जेवणाऱ्यांना नौका दिसतात. व्हॉक्सहॉलचेच तत्त्व येथे छपराखाली आले आहे. टोकिओ डिस्नीलँडमध्ये (१९८३) याच नावाचे व याच धर्तीचे उपाहारगृह उभारण्यात आले. फ्लॉरिडातील एपकॉट उद्यानाच्या (१९८२) मेक्सिको दालनातील ‘सान आंखेल इन’ हेही संधिप्रकाशात, नौकामार्गाच्या काठी वसविलेले आहे. या सर्व ठिकाणी पाण्यालगतच्या टेबलांना मोठी मागणी असते.

या रचनांतील अंधाराचे कार्य केवळ शोभेचे नाही. उजेड कमी असला, की शेजारचे टेबल जवळ असूनही दूर भासते, वाढप्यांची ये-जा आणि स्वयंपाकघराचे दार नजरेआड होते. ज्या दोघांना एकमेकांशी निवांत बोलावयाचे आहे, त्यांना जागा न वाढविताही काहीसा एकांत लाभतो. आवाज मात्र अंधाराने कमी होत नाही. नियोजनात ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

टेबलांचे प्रमाण : थीम पार्कमध्ये मुलांसह आलेली कुटुंबे बहुसंख्य असल्याने तेथील मालकांचा कल चौघांच्या टेबलांकडे असतो. जोडी चौघांच्या टेबलावर बसली, की दोन आसने रिकामी राहतात. हा तोटा एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. एका दालनात १०० आसने असून ती २५ चौघांच्या टेबलांत विभागली आहेत आणि येणाऱ्या गटांपैकी पाचांत दोन जोड्या व तीन चौकोनी कुटुंबे आहेत, असे समजू. सर्व टेबले भरली, तर १० जोड्या व १५ कुटुंबे, म्हणजे २५ गट व ८० माणसे बसतील. त्याच आसनांची मांडणी दोघांची १२ व चौघांची १९ टेबले अशी केली, तर ३१ गट व पूर्ण १०० माणसे बसू शकतात. प्रत्यक्षात गट इतके नेमके येत नसल्याने लाभ याहून कमी असतो, पण त्याची दिशा बदलत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शेरिल काइम्स व गॅरी टॉम्पसन यांनी एका मेक्सिकन पद्धतीच्या उपाहारगृहाचा अभ्यास करून २००४ मध्ये हेच दाखविले, की टेबलांचे आकार गटांच्या प्रमाणाशी जुळविल्यास ग्राहकांना अधिक ताटकळत न ठेवता जास्त गट सामावता येतात.

दोघांची टेबले भिंतीलगतच्या लांब बाकासमोर ओळीने मांडून गरजेप्रमाणे जोडून घ्यावीत, हा त्यावरील सर्वपरिचित उपाय. तो वाटतो तितका निर्दोष नाही. दोन टेबले जोडावयाची तर ती एकाच वेळी रिकामी व्हावी लागतात; पहिले रिकामे झाले तरी शेजारचे उठेपर्यंत ते राखून ठेवावे लागते आणि दाराशी जोडी ताटकळत असताना आत तिच्याच आकाराचे टेबल रिते दिसते. टॉम्पसन यांच्या २००२ मधील गणिती अभ्यासात लहान उपाहारगृहांना जोडटेबलांचा उपयोग अधिक दिसून आला. मोठ्या उपाहारगृहांत मात्र ठराविक आकाराची स्वतंत्र टेबलेच सामान्यतः सरस ठरली. थीम पार्कमधील दालने बहुधा मोठी असतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दिशा : दोघांचे टेबल सामान्यतः सु. ६० सेंमी. रुंद व ७५ सेंमी. लांब असते आणि माणसे लांबीच्या दोन टोकांना समोरासमोर बसतात. देखाव्याच्या कठड्याशी असे टेबल दोन प्रकारे ठेवता येते. दोघांना जोडणारी रेषा कठड्याला समांतर असेल, तर दोघांनाही मान किंचित वळवून देखावा दिसतो. मात्र टेबलाची लांबी व दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांची प्रत्येकी सु. ४५ सेंमी. जागा धरून कठड्याची सु. १६५ सेंमी. लांबी खर्ची पडते. तीच रेषा कठड्याशी काटकोनात ठेवली, तर टेबलाची रुंदी आणि ३० सेंमी. अंतर मिळून ९० सेंमी. पुरतात, पण दोघांपैकी एकाची पाठ देखाव्याकडे होते. १० मी. लांबीच्या कठड्याशी पहिल्या प्रकारे जेमतेम सहा आणि दुसऱ्या प्रकारे अकरा टेबले बसतात. वरवर पाहता दुसरी मांडणी जवळजवळ दुप्पट फायद्याची वाटते. तथापि देखावा पाहणारी माणसे मोजली, तर पहिल्या मांडणीत ती बारा व दुसरीत अकरा भरतात. उरलेली अकरा भिंतीकडे किंवा वाढप्यांकडे तोंड करून बसतात. जाहिरातीत कठड्याजवळची म्हणून दाखविलेल्या टेबलांची संख्या आणि खरोखर देखावा मिळणारी आसने यांत ही अशी तफावत पडते.

यावर तिसरा मार्ग म्हणजे चौरस टेबलाच्या लगतच्या दोन बाजूंना, काटकोनात बसविणे. रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ‘पर्सनल स्पेस’ (१९६९) या ग्रंथात नमूद केलेल्या निरीक्षणांनुसार गप्पांसाठी माणसे टेबलाच्या कोपऱ्याशी अशी काटकोनात किंवा समोरासमोर बसणे पसंत करतात. काटकोनी बैठकीत एकमेकांचा चेहरा व देखावा दोन्ही नजरेच्या टप्प्यात राहतात. कठडा वळणदार असेल, तर ही मांडणी विशेष साधते.

टेबलांमधील अंतर : मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये व्यक्तींमधील अंतराचे जे वर्गीकरण केले, त्यानुसार सु. ४५ सेंमी. च्या आतील अंतर हे निकटच्या माणसांसाठीच असते. बाकासमोरच्या ओळीत टेबले दाटीने मांडली, की शेजारचा अनोळखी माणूस समोरच्या सोबत्याहूनही जवळ येतो. स्टेफनी रॉब्सन, काइम्स व त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सु. १५, ३० व ६० सेंमी. अशी अंतरे लोकांपुढे ठेवली होती. १५ सेंमी. अंतराबद्दल स्पष्ट नापसंती आढळली आणि प्रणयी जोडीच्या भोजनाची कल्पना करताना ती अधिक तीव्र होती. दाटीचा भार मुख्यतः जोड्यांवरच पडतो. कारण चौघांचे कुटुंब आपल्याच माणसांनी वेढलेले असते, तर दोघांच्या दोन्ही कुशी उघड्या राहतात. दिवसभर उन्हात चालून आलेल्या वृद्ध दांपत्याला तर बाकाच्या आत सरकणे हेच कष्टाचे असते. अमेरिकेत १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालील मानकांनुसार किमान ५ टक्के आसने चाकाच्या खुर्चीस सोयीची असावी लागतात व त्यांकडे जाणारी वाट सु. ९० सेंमी. रुंद ठेवावी लागते. या जागा सगळ्या दालनात विखुरलेल्या असाव्यात, नुसत्या प्रवेशदाराशी नसाव्यात, हे तत्त्वही त्यांत आहे. देखाव्यावर चालणाऱ्या उपाहारगृहात त्याचे मोल विशेष.

सर्वच उपाहारगृहे जोडीला स्वतंत्र टेबल देत नाहीत. एपकॉटच्या जर्मनी दालनातील ‘बीअरगार्टन’मध्ये लांब टेबलांवर निरनिराळे गट एकत्र बसविले जातात, जपान दालनात तव्याभोवती आठ जणांची पंगत असते. मुंबईतील गर्दीच्या खाणावळीत अनोळखी माणसासमोर बसून जेवणे ज्यांच्या अंगवळणी पडले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मात्र तेथे घाई व स्वस्ताई हे कारण असते, येथे समूहाचा उत्सव हीच विक्रीची वस्तू असते. याच्या उलट टोकाला फ्लॉरिडातील डिस्नीच्या चित्रपटविषयक उद्यानात १९९१ मध्ये उघडलेले ‘साय-फाय डाइन-इन थिएटर’ हे उपाहारगृह आहे. तेथे बहुतेक ग्राहक जुन्या मोटारींच्या आकाराच्या टेबलांशी, सर्व पडद्याकडे तोंड करून बसतात. चौघांच्या कुटुंबातील दोघे पुढे व दोघे मागे बसून संभाषण तुटते. जोडी मात्र शेजारी-शेजारी राहते. आकाराने लहान गटाला निःसंशय अनुकूल अशी ही दुर्मिळ रचना होय. एपकॉटमध्येच १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘कोरल रीफ’ने तिसरी वाट धरली : सु. २ कोटी १५ लाख लिटर पाण्याच्या मत्स्यालयाच्या काचेसमोर मजले उतरते ठेवून मागच्या टेबलांनाही दृष्टी दिली. पायऱ्यांनी देखावा वाटता येतो, पण चाकाच्या खुर्चीची वाट त्यामुळे अवघड होते.

वाटप : उत्तम मांडणीही दाराशी बिघडू शकते. डिस्नीच्या फ्लॉरिडातील उद्यानांत आरक्षण साधारणतः ६० दिवस आधी खुले होते, पण आरक्षित होते ती वेळ आणि माणसांची संख्या, टेबल नव्हे. खिडकीशी किंवा पाण्याशी बसण्याची इच्छा नोंदवून घेतली जाते, हमी दिली जात नाही. कोणते टेबल द्यावयाचे हे त्या क्षणी रिकामी असलेली टेबले, वाढप्यांवरील कामाची समान वाटणी आणि मागून येणारे गट पाहून ठरते. दोघांची टेबले संपली असता जोडीला चौघांचे द्यावे की थांबवावे, याचे उत्तर वेळेनुसार बदलते. गर्दी ओसरताना मोठे टेबल देण्यात काहीच जात नाही. दुपारच्या ऐन गर्दीत तेच टेबल पाठोपाठ येणाऱ्या कुटुंबाला लागणार असते. वाढप्यांत काम समान वाटण्यासाठी जोडीला मुद्दाम दारामागचे टेबल दिले जाते, तेव्हा दालनात इतरत्र रिकामी टेबले तिला दिसत असतात व कारण दिसत नसते. तक्रारींचा बराच भाग येथे उगम पावतो. ज्या टेबलावरून देखावा मुळीच दिसत नाही, ते देण्यापूर्वी तसे सांगणे आणि हवे असल्यास काही वेळ थांबण्याची मुभा देणे, एवढ्या साध्या रीतीनेही तो कमी होऊ शकतो. तिला खर्च नाही, फक्त दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तेवढा अधिकार द्यावा लागतो. नव्या दालनांच्या आराखड्यांत दारामागची व वाटेतील दोघांची टेबले मुळातच गाळून त्या जागी पाणी, ताटे व बिलांची मांडणी करावी, हा अधिक टिकाऊ उपाय होय. त्यात पाच-सहा आसने कमी होतात.