विद्युत् स्रोत

विद्युत् क्षेत्राचा पृष्ठाला लंब असलेला घटक व पृष्ठाचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार म्हणजे त्या पृष्ठातून जाणारा विद्युत् स्रोत होय. यालाच ‘अभिवाह’ असेही म्हणतात. संज्ञा प्रवाहाची आठवण करून देणारी असली, तरी स्थिर विद्युत् क्षेत्रात प्रत्यक्ष काहीही वाहत नसते. साम्य केवळ गणिती आहे. क्षेत्र पृष्ठाला समांतर असल्यास स्रोत शून्य असतो. पृष्ठ वक्र असेल किंवा क्षेत्र स्थलपरत्वे बदलत असेल, तर पृष्ठाचे सूक्ष्म भाग कल्पून त्यांतील स्रोतांची बेरीज करतात. एकक व्होल्ट-मीटर.

बंदिस्त पृष्ठातून बाहेर पडणारा स्रोत धन व आत शिरणारा ऋण मानतात. कार्ल फ्रीड्रिख गौस (१७७७–१८५५) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार निव्वळ स्रोत हा आतील एकूण विद्युत् भार भागिले निर्वाताचा विद्युत् स्थिरांक (८.८५४ × १०⁻१२ फॅराड/मी.) इतका असतो, पृष्ठाचा आकार कोणताही असो. घनाच्या मध्यबिंदूशी १ मायक्रोकूलंब भार ठेवल्यास एकूण स्रोत सु. १.१३ × १०⁵ व्होल्ट-मीटर येतो व सममितीमुळे प्रत्येक बाजूस त्याचा सहावा हिस्सा मिळतो. तोच भार एका कोपऱ्यावर ठेवला, तर अशा आठ घनांनी तो पूर्ण वेढला जातो, म्हणून एका घनाच्या वाट्यास आठवा हिस्सा येतो. कोपऱ्यास भिडणाऱ्या तीन बाजूंना क्षेत्र समांतर असल्याने त्यांतून काहीच जात नाही. उरलेल्या प्रत्येक बाजूतून एकूण स्रोताचा चोविसावा हिस्सा जातो.

निव्वळ स्रोत शून्य म्हणजे क्षेत्रही शून्य, ही समजूत विद्यार्थ्यांत फार रुजलेली आढळते व ती चुकीची आहे. बाहेरील भाराचे क्षेत्र पृष्ठावर सर्वत्र असते. मात्र त्याचा जितका स्रोत आत शिरतो तितकाच बाहेर पडतो.

हा हिशेब जुळतो तो क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे : भाराभोवती कल्पिलेल्या गोलाचे क्षेत्रफळ ज्या प्रमाणात वाढते, त्याच प्रमाणात क्षेत्र क्षीण होते. घातांक २ हून किंचितही वेगळा असता, तर विद्युत् भारित पोकळ संवाहक गोलाला आतून जोडलेल्या दुसऱ्या गोलावर भार आढळला असता. हेन्री कॅव्हेंडिश यांना १७७३ मध्ये तो आढळला नाही. त्यांच्या मते घातांकातील फरक १/५० हून अधिक नसावा. हे काम त्यांनी प्रसिद्ध केलेच नाही. मॅक्सवेल यांनी ते १८७९ मध्ये उजेडात आणले. त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या प्रयोगात ही मर्यादा १/२१,६०० वर आली, तर १९७१ मधील एका प्रयोगाने ती १०⁻१५ च्याही खाली नेली.