दोन पत्त्यांची माणसं

मुंबईचे डबेवाले वर्षभर मिनिटांच्या हिशेबाने धावतात. ठरलेली लोकल चुकली की कुणाचं तरी जेवण चुकतं, म्हणून डब्यांची लांबलचक पाटी डोक्यावर घेतलेल्या माणसाला स्टेशनवरची गर्दीसुद्धा वाट करून देते. हेच डबेवाले चैत्रात गिऱ्हाइकांना आधी कळवून पाच-सहा दिवस सुट्टी घेतात आणि मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतल्या आपापल्या गावी यात्रेला जातात. तिथे पालखी घड्याळ बघून निघत नाही. मानकरी जमले, गाऱ्हाणं झालं, की निघते. मुंबईत एका मिनिटाच्या उशिराने कासावीस होणारा माणूस तिथे देवळाच्या ओट्यावर तासन् तास निवांत बसतो.

माणूस तोच, स्वभावही तोच. बदलतं ते त्याच्या भोवतालचं जग. गावाकडची माणसं साधीभोळी आणि शहरातली हिशेबी, किंवा गाव मागासलेलं आणि शहर पुढारलेलं, असं आपण सहज बोलून जातो. महाराष्ट्रात तरी हे बोलणं तपासून घ्यायला हवं, कारण इथल्या लाखो घरांना दोन पत्ते आहेत. रेशनकार्ड शहरातलं, सातबारा गावातला. वागण्यातला आणि विचारातला फरक खराच आहे. पण तो कशातून येतो, हे याच दोन पत्त्यांच्या माणसांकडे पाहिलं की नीट कळतं.

२०११च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. त्यातले सुमारे ५५ टक्के लोक गावांत राहत होते आणि ४५ टक्के शहरांत. नगरपालिका नसलेल्या वस्तीला शहर म्हणायचं की नाही, हे ठरवायला जनगणनेचे तीन निकष आहेत. लोकवस्ती किमान पाच हजार हवी, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं हवीत आणि मुख्यतः कामकरी असलेल्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. दृष्टिकोनाच्या फरकाची किल्ली या तिसऱ्या निकषात आहे.

शेतकऱ्याच्या हाती पैसा हंगामाला येतो आणि भाव पडला तर तेवढाही येत नाही. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. म्हणून शहरातला माणूस हप्ते बांधून घेऊ शकतो, पुढच्या दहा वर्षांचा बेत करू शकतो. गावातला माणूस बेत करत नाही असं नाही. त्याचा बेत माणसांवर उभा असतो. एकमेकांच्या शेतात पाळीपाळीने राबायचा पैरा किंवा सावड, एखाद्याची नांगरट साऱ्या शेजाऱ्यांनी औतं आणून उरकून द्यायची इर्जिक, दुकानदाराकडची सुगीपर्यंतची उधारी, हे सगळं मिळून त्याचं बचत खातं. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या पुस्तकात जी बलुतेदारी तपशिलाने मांडली, तिच्यातही कामाचा मोबदला मुख्यतः खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळत असे. जिथे नाणं कमी फिरतं, तिथे नातं सांभाळावंच लागतं. शहरी पाहुण्याला वाटतं, गावची माणसं किती आतिथ्यशील! ती असतातच, पण त्या आतिथ्यामागे पिढ्यान् पिढ्यांची गरजही असते.

हा फरक पार करून माणसं शहरात गेली कशी, हे पाहायला कोकण हे उत्तम उदाहरण. मुंबईत ताडदेवच्या कापड गिरणीतून १८५६मध्ये उत्पादन सुरू झालं आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत गिरण्यांची धुरांडी उभी राहिली. कामगार आले ते प्रामुख्याने तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गासह, आणि साताऱ्याकडच्या घाटावरून. ही माणसं एकेकटी आली नाहीत. गाव सोबत घेऊन आली. एका गावाच्या माणसांनी मिळून घेतलेल्या खोलीत पाळ्यांनुसार झोपायची सोय होती. दिवसपाळीचा माणूस उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली जेमतेम १६० चौरस फुटांची, आणि त्यात राहणारी माणसं मात्र अख्ख्या वाडीची. गोव्याच्या गावांनीही धोबी तलाव, माझगाव भागांत आपापले कूड उभारले. बोटीवर नोकरी शोधणारा गोंयकार तिथे अगदी थोड्या भाड्यात राहत असे आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर असे.

या सगळ्यात बाई कुठे होती? बहुतेक वेळा गावी. भात लावायला, गुरं सांभाळायला, म्हाताऱ्यांचं करायला आणि मनीऑर्डरची वाट पाहायला. मुंबईत एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकाही होत्या. घरगुती खाणावळी चालवणाऱ्या या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पुरुष शहरात आणि बाई गावात ही विभागणी पुढेही आकड्यांत दिसत राहिली. २०११मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या; मुंबई शहर जिल्ह्यात ८३२.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि शहराने दिलेला आधार निघून गेला. त्या काळात हजारो कुटुंबांना तगवलं ते गावच्या तांदळाने, नाचणीने. कित्येक जण कायमचे परतले. गाव हे अशा वेळी विम्यासारखं असतं, हे त्या पिढीने अनुभवलं. त्यामुळेच शहरात तिसरी पिढी वाढली तरी गावचं घर विकायला कोकणी माणूस सहसा तयार होत नाही. गणपतीत आणि शिमग्यात ते घर उघडतं, झाडलं जातं, दिवे लागतात. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि हा प्रवास सोपा झाला. चतुर्थीच्या जादा गाड्यांची तिकिटं मात्र आजही काही मिनिटांत संपतात.

पण गावाला जाणं आणि गावात राहणं यांत फार अंतर आहे. ते ओळखीतून येतं.

गावात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, 'कुणाचा रे तू?' नाव नंतर. आधी बापाचं नाव, वाडी, भावकी. या ओळखीचे फायदे मोठे आहेत. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला तर दहा माणसं धावतात, घरात मयत झालं तर चूल शेजारी पेटते. शहरातल्या इमारतीत दाराला दार लागून असूनही शेजाऱ्याचं पूर्ण नाव ठाऊक नसतं. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०३ सालच्या निबंधात याची उकल केली होती. महानगरातल्या माणसावर दिवसभर इतकी दृश्यं, आवाज आणि अनोळखी चेहरे आदळतात की स्वतःला वाचवण्यासाठी तो मनावर अलिप्ततेचं आवरण चढवतो, असं त्यांचं म्हणणं. लोकलच्या डब्यात शेजारच्याच्या कोपराशी कोपर लागलेला असताना मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा मुंबईकर माणूसघाणा नसतो. तेवढ्या गर्दीत प्रत्येकाची विचारपूस करणं कुणालाच शक्य नसतं.

ज्याला ती विचारपूस जाचक होती, त्याच्यासाठी तर हीच अलिप्तता सुटका ठरली. जी गावकी मयताला खांदा देते, तीच गावकी एखाद्या घराला वाळीत टाकू शकते. लग्न गावाच्या मर्जीबाहेर केलं, गावकीचा निर्णय मानला नाही, निवडणुकीत विरोधात उभं राहिलं, अशा कारणांवरून बहिष्काराच्या तक्रारी रायगड जिल्ह्यातून मोठ्या संख्येने पुढे आल्या. पाण्याला बंदी, बोलण्याला बंदी, दुकानातून सामान घ्यायला बंदी. अशा घटनांमुळेच राज्याच्या विधिमंडळाने २०१६मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तो जुलै २०१७पासून लागू झाला. असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

गावाच्या या दोन बाजू देशाच्या नेत्यांच्या मतांतही दिसतात. महात्मा गांधी १९३६मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले आणि ते सेवाग्राम झालं. त्यांना देशाचं भविष्य खेड्यात दिसत होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्याच्या या गौरवावर कठोर टीका केली. संकुचितपणा आणि जातीयतेचं घर म्हणून त्यांनी खेड्याकडे बोट दाखवलं आणि घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे याबद्दल समाधान व्यक्त केलं. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवलं गेलं, त्यांच्या अनुभवातून आलेलं हे मत आहे. ज्याला चावडीवर बसायचा मान होता आणि ज्याला पाणवठ्यावर यायची बंदी होती, त्या दोघांचं गाव एकच कसं असेल? तरी शहराने जात पुसली असंही म्हणता येत नाही. चाळी जातीच्या वस्तीप्रमाणे भरल्या, गावकऱ्यांनी शहरात काढलेली गावाची मंडळंही बऱ्याचदा जातीची झाली आणि आजही भाड्याची खोली शोधताना आडनाव विचारलं जातं. फरक एवढाच की शहरात एका घरमालकाने नकार दिला तर दुसऱ्याचं दार ठोठावता येतं. गावात दुसरी विहीर नसायची.

गाव की शहर, या तुलनेचा निकाल तरुण मुलींनी आपल्यापुरता लावून टाकला आहे. शेती असलेला मुलगा चालेल, पण तो नोकरीला हवा आणि शक्यतो पुण्या-मुंबईत हवा, ही अट आता स्थळं पाहताना उघड सांगितली जाते. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या वेशात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चाने गेले होते. मुलींचं घटलेलं प्रमाण हे त्यांच्या गाऱ्हाण्यामागचं एक कारण होतं. दुसरं कारण मुलींच्या निवडीत होतं. ज्या आईने शेणगोठा, शेत आणि पाणी यांत आयुष्य घालवलं, तीच मुलीला सांगते, 'तू तरी यात पडू नकोस.' याला शहराची हाव म्हणणं अन्यायाचं आहे. नळ, दवाखाना, पगाराचं काम आणि सासरच्या नजरेपासून थोडी मोकळीक एवढंच ती मुलगी मागते आहे.

बाकी आवडीनिवडींत गाव आणि शहर वेगाने जवळ येत आहेत. मोबाइल तोच, मालिका त्याच, मुलांना इंग्रजी शाळेत घालण्याची ओढही तीच. २०११-१२मध्ये देशातल्या शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ग्रामीण माणसापेक्षा ८४ टक्क्यांनी जास्त होता. २०२३-२४च्या सरकारी पाहणीत गावात तो ४,१२२ रुपये आणि शहरात ६,९९६ रुपये निघाला, म्हणजे तफावत सुमारे ७० टक्क्यांवर आली. तरी गावाकडे त्या पैशांतला निम्म्याच्या जवळपास भाग अजून खाण्यावरच जातो.

म्हणून राहिलेलं खरं अंतर विचारांपेक्षा सोयींचं आहे आणि ते पाण्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाण्याचं लक्ष्य आहे. भूमिगत गटारांची सोय असलेल्या शहरांसाठी सरकारी मानक १३५ लिटरचं आहे. मुंबईला रोज पाणी देणारी तानसा आणि भातसा ही धरणं ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत. तानसा १८९२पासून मुंबईची तहान भागवतं आहे. त्याच शहापूर तालुक्यातल्या अनेक गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईकडे जाणाऱ्या प्रचंड जलवाहिन्या जिथून निघतात, तिथल्या बाया हंडे घेऊन पायपीट करतात.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा चाकरमानी गावाकडे निघाले. काही ठिकाणी वेशीवर त्यांना अडवलं गेलं आणि अनेक ठिकाणी शाळेत विलगीकरणात ठेवून गावानेच जेवण पुरवलं. अडचणीत गाव शहराच्या माणसाला सामावून घेतं, हे १९८२नंतर पुन्हा एकदा सिद्ध झालं. त्या बदल्यात गावाच्या साधेपणाचं कौतुक करून भागणार नाही. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी देणाऱ्या प्रत्येक मुंबई मंडळाने आपल्या वाडीतल्या नळाचा, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचाही पाठपुरावा करावा. आणि मुंबईकरांनी, त्यांचं गाव कोणतंही असो, तानसा-भातसाच्या काठच्या पाड्यांना आधी पाणी द्या, अशी मागणी महापालिकेकडे आणि सरकारकडे स्वतःहून करावी.