मुलांना समुद्र दाखवायचाय? ओहोटीला न्या!

मुंबईतल्या मुलांना चौपाटी म्हणजे भेळ आणि वाळूचा किल्ला, एवढंच ठाऊक. ओहोटी लागली की जुहूच्या खडकांत केवढं जग उघडं पडतं, हे बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’चे स्वयंसेवक 2017 पासून लोकांना हेच दाखवत किनाऱ्यावर फिरवतात. माझ्या मते शहरातल्या पोरांसाठी याहून भारी सहल नाही.

खडकाला चिकटलेला जेलीसारखा गोळा दिसला तर तो समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन असू शकतो. डबक्यातल्या पाण्यात तोच शुंडके पसरून बसलेला असतो. एखादा शंख चालायला लागला, तर आत खेकडा आहे! त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो गोगलगायीचा रिकामा शंख अंगावर घेऊन फिरतो आणि वाढला की मोठा शोधतो. म्हणूनच शंख-शिंपले घरी आणू नयेत. (मुलं ऐकतात, आयाच पिशवी काढतात!) कोन शंख तर विषारी, हातच लावायचा नाही.

वेळ कशी काढायची? आपला जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या आसपास ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत मागे हटतं, साधारण सहाच्या सुमारास. तरी निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघाच. पायात पकड असलेले बूट हवेत, खडक शेवाळलेले असतात. पावसाळ्यात मात्र मुलांना खडकांवर नेऊ नका.